परडी एकटीची, जोगवा पाच घरांचा : लातूरच्या एका विक्कन मुलीचं प्रकरण

"मॅडम, एक विचारायचंय, पण हसू नका."

२०२४ ची कोजागिरी होऊन चार दिवस झाले होते. दारात माझी जुनी विद्यार्थिनी उभी होती. हातात दोनशे पानी वही आणि चार्जिंग संपत आलेला मोबाइल. अकरावी-बारावीला मी तिला इंग्रजी शिकवलं. पुढं तिनं पुण्यात बी. फार्म. केलं आणि आता ती लातुरात एका मेडिकलवर बसते. वय एकोणतीस, लग्न झालेलं नाही, वडील २०२१ मध्ये गेले, घरात आई आणि ती. तिचं नाव इथं देत नाही. घरात तिला धाकली म्हणतात, तेच मीही वापरते. हे लिहायला तिची परवानगी आहे. मजकूर तिनं वाचलाय आणि दोन ठिकाणी खोडलाय.

प्रश्न असा होता. सहा वर्षं ती एकटीनं विक्का पाळत होती. आता एका गटानं तिला दीक्षा देऊ केली होती. घ्यावी की एकटीनंच चालू ठेवावं? उत्तर द्यायला हातात दहा-बारा दिवस होते.

विक्का म्हणजे काय हे थोडक्यात सांगते, कारण आपल्याकडं 'विच' म्हटलं की चेटकीणच डोळ्यांपुढं येते. इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यात उभा राहिलेला हा निसर्गपूजक धर्म. मलायात कस्टम खात्यात नोकरी करून निवृत्त झालेल्या जेराल्ड गार्डनर यांनी तो लोकांपुढं आणला. चेटूकविरोधी जुना ब्रिटिश कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. एक देवी, एक देव, पौर्णिमेचे विधी आणि वर्षाचे आठ सण. विधीआधी मीठ, पाणी, धूप, मेणबत्ती घेऊन वर्तुळ आखायचं आणि चार दिशांना आवाहन करायचं. कुणाचं वाईट होऊ नये एवढं सांभाळून आपल्या इच्छेनं वागावं, हा नीतीचा गाभा. इंग्लंड-वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत साधारण ७४,००० लोकांनी स्वतःला पेगन (अशा निसर्गपूजक पंथांचं मोघम नाव) आणि १३,००० लोकांनी विक्कन लिहिलं. भारतात हा आकडा कुणी मोजत नाही. जाहीरपणे बोलणाऱ्यांत कोलकात्याच्या इप्सिता रॉय चक्रवर्ती यांचं नाव परिचित आहे. लातुरात धाकलीला तिच्याखेरीज दुसरं कुणी माहीत नव्हतं.

सुरुवातीला विक्का एकट्यानं करायची गोष्टच नव्हती. गार्डनर यांच्या परंपरेत दीक्षा एकाच वाटेनं मिळते: दीक्षित माणसानं दुसऱ्याला द्यायची. अशा दीक्षितांच्या छोट्या बंद गटाला कोव्हन म्हणतात. गटात तेरा माणसं असावीत, ही कल्पना मार्गारेट मरे यांच्या १९२१ च्या पुस्तकातून आली. त्या पुस्तकातला इतिहास इतिहासकारांनी पुढं नाकारला, पण तेराचा आकडा टिकला. (आपल्याकडंही किती आकडे असेच टिकलेत!) पुढं १९७३ मध्ये रेमंड बकलंड यांनी नवी शाखा काढली आणि तिच्यात स्वतःच स्वतःला दीक्षा द्यायला वाट ठेवली. १९८८ मध्ये स्कॉट कनिंगहॅम यांचं एकट्या साधकासाठीचं पुस्तक आलं आणि दारच उघडलं. अमेरिकेतल्या पाहण्यांमध्ये आज एकटे साधकच बहुसंख्य दिसतात. धाकली त्यातलीच एक. पुण्याच्या हॉस्टेलवर रूममेटनं दिलेल्या झेरॉक्समधून तिनं कनिंगहॅम वाचला होता.

वही

ती वही मी दोन संध्याकाळ वाचली. विक्कन लोक अशा वहीला 'बुक ऑफ शॅडोज' म्हणतात. धाकलीच्या वहीच्या मुखपृष्ठावर मात्र 'उधारी' लिहिलंय, म्हणजे आईनं उघडू नये. २०१८ च्या दिवाळीपासून त्या कोजागिरीपर्यंत चौऱ्याहत्तर पौर्णिमा झाल्या. तिनं त्यातल्या एक्केचाळीस पाळल्या होत्या. उरलेल्यांपुढं बहुतेक ठिकाणी एकच शब्द होता: 'जमलं नाही.' काही ठिकाणी तेवढंही नाही.

सामानाची यादी पाहून मला मौज वाटली. वनस्पती कापायला विक्कन लोक वाकड्या पात्याची सुरी ठेवतात, तिच्याकडं आजीचं खुरपं. चषकाच्या जागी पितळेचं फुलपात्र. धुपाटणं घरचंच.

सणांची जुळणी हा वहीतला सगळ्यात चांगला भाग. हे आठ सण इंग्लंडच्या हवेतले. एक ऑगस्टचा सण तिकडं पहिल्या धान्याच्या कापणीचा, त्या वेळी आमच्याकडं सोयाबीन गुडघ्याला लागलेलं असतं. २१ डिसेंबरच्या यूलला लंडनमध्ये दिवस आठ तासांचासुद्धा नसतो, म्हणून सूर्य परत यावा याची तिथं खरीच आस लागते. लातूरचा सगळ्यात लहान दिवस अकरा तासांचा. धाकलीनं २०१९ ला लिहिलंय: 'यूल केला. ऊन होतं. स्वेटर काढून बसले. खोटं वाटलं.' पुढच्या वर्षी तिनं यूल सरळ वेळ अमावस्येवर, म्हणजे आमच्या येळवसेवर नेला. आमच्या लातूर-धाराशिव भागात मार्गशीर्षातली ही अमावस्या म्हणजे वर्षाचा मोठा सण. गाव ओस पडतं आणि शिवार भरतं. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं करतात, पाच दगडांना चुना लावून पांडव मांडतात, आणि भज्जी-आंबिलाला येईल तो पाहुणा. ही मोकळीक एकटीलाच मिळते. गटात असती तर तारीख हलवायला सगळ्यांना विचारावं लागलं असतं.

याच वहीत एकटेपणाचा तोटाही आहे, आणि तो जड आहे. वडील गेल्यानंतरच्या हिवाळ्यात नोंदी रोजच्या झाल्या. अक्षर बारीक आणि घाईचं. एका रात्री: 'मेणबत्ती दोनदा विझली. बाबा नाराज आहेत.' तिसऱ्या दिवशी: 'परत विझली. काय चुकतंय कळंना.' असं जवळजवळ तीन आठवडे. मग दोन महिने वही कोरी.

मी विचारलं, "विधी कुठं करायचीस?"

"माझ्या खोलीत."

"पंखा?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. "चालू असायचा. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून."

तीन आठवडे त्या पोरीनं मेलेल्या बापाची नाराजी अंगावर घेतली, कारण 'पंखा बंद कर' एवढं सांगणारं खोलीत कुणी नव्हतं. गटाच्या बाजूनं मला इतका पक्का मुद्दा दुसरा सापडला नाही. ऊर्जा, परंपरा, गूढ अनुभव हे सगळं त्याच्यानंतर.

गच्ची

एकटीचं म्हणून जे होतं तेही पुरतं एकटीचं नव्हतं. त्यांचं मूळ गाव औसा तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर नव्या जागी वसवलेलं. पुढं वडिलांच्या नोकरीपायी घर लातुरात आलं, भाड्याच्या वरच्या मजल्यावर. २०२२ मध्ये तिनं दोन-तीन पौर्णिमा गच्चीवर केल्या. मीठ, लिंबू, चार मेणबत्त्या. तिसऱ्या वेळी आई जिना चढून वर आली. "काय करलालीस गं एवढ्या रातचं?" धाकली म्हणाली, "ध्यान." आई काही बोलली नाही, पण सकाळी खालच्या बाईनं घरमालकाच्या कानावर घातलं होतं, की वरच्या पोरीचं कायतरी येगळंच चाललंय.

मराठवाड्यात याचा अर्थ काय होतो हे बाहेरच्याला सांगावं लागतं. भानामतीच्या संशयानं माणसं वाळीत पडलेली, बायकांना मार बसलेला, हे इथल्या जुन्या लोकांनी पाहिलंय. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी या भागात भानामतीवर वर्षानुवर्षं मोहिमा काढल्या त्या उगाच नव्हेत. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर आलेल्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार दंड आहे. धाकली या कायद्याला घाबरून होती. मी तिला सांगितलं की तो फसवणूक, अघोरी प्रकार आणि दुसऱ्याला चेटकीण ठरवून छळणं यांच्यावर आहे. घरात कुणालाही इजा न करता केलेल्या उपासनेला तो हात लावत नाही. कायदा तिच्या बाजूनंच होता. खालच्या बाईचं काय, ते मात्र कायद्यात नव्हतं.

२०२४ च्या कोजागिरीला गंमत झाली. सगळी बिल्डिंग गच्चीवर. मसाला दूध, अंताक्षरी, पोरांचा गोंधळ. धाकलीनं कठड्याला टेकून, दुधाचा ग्लास हातात धरून, मनातल्या मनात पौर्णिमेचा विधी केला. खालच्या बाईनंच तिला दुसऱ्यांदा दूध वाढलं. नोंद: 'सहा वर्षांत पहिल्यांदा लपून केलं नाही.'

गटाचा प्रस्ताव

गट आठ जणांचा. चालवणारं जोडपं पुण्याचं, भेटीची जागा छत्रपती संभाजीनगरात भाड्यानं घेतलेला फ्लॅट. म्हणजे लातूरहून एसटीनं सहा-सात तास. २२ सप्टेंबरला त्यांच्या ऑनलाइन विधीत ती पहिल्यांदा बसली आणि रडली. "मॅडम, ते शब्द दुसऱ्याच्या तोंडून मी कधी ऐकलेच नव्हते. मला वाटायचं माझे उच्चारच चुकतात." तिची ही ओढ खरी होती, आणि मी ती सुरुवातीला कमी लेखली.

अटी मोबाइलवर होत्या. दीक्षा ३१ ऑक्टोबरला, साव्हिनच्या रात्री. हा पूर्वजांचा सण, पेगन वर्षाचा मोठा दिवस. पंधरा हजार रुपये. गटाबद्दल कुणालाही न सांगण्याची शपथ. आणि एक वाक्य, ज्यानं तिची झोप गेली होती: एकट्यानं केलेलं ते विक्का नव्हेच, सहा वर्षं तू खेळ केलास.

आता ३१ ऑक्टोबर २०२४ म्हणजे नरक चतुर्दशी. वडील गेल्यावर आईला दिवाळीत एकटं सोडून, कुठं चालले ते न सांगता, रात्रीचा मुक्काम. हे ऐकल्यावर माझा तोल गेला. "अजिबात जायचं नाही," असं मी मास्तरणीच्या आवाजात म्हणाले. ती वही उचलून निघून गेली आणि दोन दिवस फोन घेतला नाही. चूक माझी. तिला आणखी एक हुकूम देणारं माणूस नको होतं, तो तर गटाकडंही होता.

नंतर मी नुसता एक तक्ता पाठवला. आयझॅक बोनविट्झ हे स्वतः अमेरिकन पेगन. माणसं गटात अडकतात कशी, हे आतून पाहिलेले. १९७९ मध्ये त्यांनी धोकादायक गट ओळखण्याची एक मोजपट्टी केली. प्रत्येक मुद्द्याला एक ते दहा गुण: नेता किती ताबा ठेवतो, स्वतःला किती ज्ञानी म्हणवतो, पैसा किती लागतो, गुप्तता किती, बाहेरच्या माणसांपासून तोडतात का, सोडून जाणाऱ्याला कसं वागवतात. त्यातला एक मुद्दा मला फार आवडतो: गटात विनोद चालतो का? स्वतःवर हसू न शकणाऱ्या गटाला बोनविट्झ जास्त गुण देतात, म्हणजे जास्त धोका.

धाकलीनं प्रामाणिकपणे गुण भरले. पैशाला सहा, गुप्ततेला आठ, लैंगिक दबावाला एक. विनोदाला तीन, कारण ते जोडपं खरंच हसरं होतं. 'सोडून जाणाऱ्याला' या रकान्यात तिनं प्रश्नचिन्ह टाकलं. गट सोडलेलं कुणी तिला माहीतच नव्हतं. मग तिनं गटाला तीन प्रश्न लिहून पाठवले. तुमची परंपरा कोणती? तुम्हाला दीक्षा कुणी दिली? पैसे कशाचे?

हे प्रश्न उद्धटपणाचे नाहीत. गार्डनर परंपरेतच दीक्षेचे पैसे घेत नाहीत, दीक्षेआधी एक वर्ष आणि एक दिवस शिकण्याची रीत आहे, आणि कोण कुणाचा शिष्य हे साखळीनं सांगता येतं. जो गट 'एकटीचं ते विक्का नव्हेच' असं म्हणतो, तो याच जुन्या परंपरेच्या जोरावर म्हणतो. मग त्याच परंपरेचे नियम त्याला लावायला हवेत. उत्तरं आली ती अशी: परंपरा आमची स्वतःची. गुरूंचं नाव दीक्षेनंतर. पैसे जागेचे आणि साहित्याचे. मला ते जोडपं लबाड वाटत नाही. तिशीतली पोरं, फ्लॅटचं भाडं भरायचंय, आणि कनिंगहॅमच्याच पुस्तकावर उभं राहून कनिंगहॅमच्या वाचकांना खोटं ठरवतायत, हे त्यांच्या ध्यानातही आलं नसावं.

जुन्या, खऱ्या कोव्हनमध्येही सगळं गोड नव्हतं, हेही मी तिला सांगितलं. विधींचे कितीतरी सुंदर शब्द जिनं लिहिले ती डोरीन व्हॅलिएंट, १९५३ ला गार्डनर यांच्याकडूनच दीक्षित. त्यांच्या प्रसिद्धीच्या हौसेवर तिनं आणि इतरांनी बंधनं सुचवली, तर गार्डनर यांनी अचानक 'प्राचीन नियम' पुढं केले. त्यात एक असा, की मुख्य पुजारिणीनं वेळ आल्यावर तरुण बाईसाठी जागा सोडावी. व्हॅलिएंट काय समजायचं ते समजली आणि १९५७ ला बाहेर पडली. धाकली यावर खळखळून हसली. "हे तर आमच्या भजनी मंडळासारखंच झालं की!"

आजीची परडी

निर्णय झाला तो या माहितीमुळं, असं मला म्हणायला आवडलं असतं. तसं झालं नाही.

खुरपं ज्या आजीचं, ती तुळजाभवानीची आराधीण होती. गळ्यात कवड्यांची माळ, घरात परडी. दिवाळीच्या साफसफाईत धाकलीला माळ्यावर ती परडी सापडली, वेताची, कडा झिजलेली. तिनं आईला विचारलं, आजी हे एकटी करायची का सगळ्यांसोबत? आईला प्रश्नच कळंना. परडी भरायची घरी, एकटीनं. पण मंगळवारी-शुक्रवारी जोगवा मागायला पाच घरी जायचं. पाच दारं उघडल्याशिवाय परडी पुरी होत नाही. नवरात्रात मेळ्यासोबत गाणी. "आन कुणाच्या घरी जायचं ते तिचं ती ठरवायची," आई म्हणाली. "ज्या दारात अपमान झाला त्या दारात परत न्हाई गेली."

धाकलीनं हे मला फोनवर सांगितलं, आणि मला माझीच लाज वाटली. वारकऱ्यांच्या मुलखात राहून मी तिच्या प्रश्नाचे दोनच रकाने धरले होते. हरिपाठ घरी एकट्यानं म्हणणारा माणूसच आषाढीला दिंडीत चालतो, आणि दिंडी पटली नाही तर पुढच्या साली दुसऱ्या दिंडीत जातो, हे मी दरवर्षी पाहते. एकटं की गटात, हा प्रश्न आपण इंग्रजी पुस्तकातून जसाच्या तसा उचलला. धाकलीपुढचा खरा प्रश्न दुसराच होता: कोणत्या दारात जायचं, आणि तिथून परत फिरता येतं का.

२७ ऑक्टोबरला तिनं गटाला कळवलं: दीक्षा आत्ता नको, वर्षभर शपथेशिवाय तुमच्यात येऊन बसेन, चालेल का? तासाभरात तिला व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं. प्रश्नचिन्हाच्या रकान्यात तिनं नऊ लिहिले.

एवढ्यावर ते मिटलं नाही. दोन दिवस ती ढसाढसा रडली. पंधरा हजार भरले असते तर निदान कुणीतरी असतं, असं म्हणाली. यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. मग नोव्हेंबरात त्याच गटातल्या दोघींनी तिला वेगवेगळे मेसेज केले. एक परभणीची, दोन लेकरांची आई. एक अंबाजोगाईची, नर्स. दोघींना दीक्षा झालेली, आणि दोघींना धाकलीचे तीन प्रश्न विचारायचे होते, पण धीर झाला नव्हता. नर्स आजही त्या गटात आहे. तिला तिथं बरं वाटतं, आणि धाकली तिला सोड म्हणत नाही.

आता तिघी वर्षातून चारदा भेटतात. शपथ नाही, पद नाही, खर्च एसटीचा आणि चहाचा. बाकीच्या पौर्णिमा ज्याच्या त्याच्या घरी. परभणीची बाई फोनवर विचारते, "पंखा बंद केलास का?" हे आता त्यांच्यात अभिवादनासारखं झालंय.

येळवस

३० डिसेंबरला मला शेतात बोलावणं होतं. वेळ अमावस्येला पाहुण्याला 'तुम्ही कोण' असं कुणी विचारत नाही, त्यामुळं परभणीची आणि अंबाजोगाईची मैत्रीण म्हणून त्या दोघी सहज खपून गेल्या. आईनं भज्जी वाढता वाढता परभणीच्या बाईला दटावलं, लेकरं का नाही आणली म्हणून. कोपीत पांडवांपुढं दिवा होता, त्याच्या शेजारी धाकलीनं एक पांढरी मेणबत्ती लावली. कडब्याच्या आडोशाला ती मुळीच हलत नव्हती.

जेवणं झाल्यावर आंबील शिंपडत शेताला फेरी मारायला निघालो. पुढं काका, मागं पोरं ओरडत, सगळ्यात मागं या तिघी. धाकलीच्या हातात आजीचं खुरपं. विक्कन वर्तुळही उजव्या अंगानंच आखतात, आपल्या प्रदक्षिणेसारखं, म्हणून ती प्रत्येक कोपऱ्यावर थांबून ओठांत दिशेचं नाव घेणार होती. पूर्वेला थांबली. तेवढ्यात काका सरळ डावीकडं वळले.

"काका, उजवीकडनं जायचं!"

"तिकडं बांध फुटलाय गं," काका मागं न बघता म्हणाले, आणि सगळी वरात त्यांच्यामागं डावीकडं गेली.

रात्री तिनं मला वहीच्या पानाचा फोटो पाठवला. 'येळवस. तिघी होतो. मेणबत्ती शेवटपर्यंत टिकली. फेरी उलटी झाली. बांध फुटलाय.'